ग्रोथ हार्मोनचा अंडाशयाशी काय संबंध? आयव्हीएफमध्ये ही इंजेक्शनं खरंच उपयोगी पडतात का?

समजा, ३८ वर्षांची एक महिला आहे. आयव्हीएफची एक सायकल करून झाली, पण हाती फक्त दोन स्त्रीबीजं आली आणि गर्भधारणा झाली नाही. दुसऱ्या सायकलच्या आधी तिला औषधांची यादी मिळते. नेहमीच्या इंजेक्शनांच्या खाली आणखी एक ओळ असते: 'ग्रोथ हार्मोन'. त्यासाठी हजारो रुपये जास्त मोजावे लागणार असतात. घरी आल्यावर ती मोबाइलवर शोधते. एका रीलमध्ये सांगितलेलं असतं की यामुळे एग क्वालिटी सुधारते. दुसऱ्या रीलमध्ये म्हटलेलं असतं की हे सगळं पैसे उकळण्यासाठी आहे.

मग खरं काय? उंची वाढवणारं हार्मोन म्हणून जे आपल्याला माहीत आहे, त्याचा अंडाशयाशी संबंध तरी काय?

हा प्रश्न थोड्याथोडक्या लोकांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, जगात साधारण दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरं जावं लागतं. त्यामुळे यातलं विज्ञान काय सांगतं, हे समजून घेणं गरजेचं आहे.

ग्रोथ हार्मोन म्हणजे नेमकं काय?

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पिट्युटरी किंवा पीयूषिका ग्रंथी म्हणतात. याच ग्रंथीतून ग्रोथ हार्मोन रक्तात सोडलं जातं. ते दिवसभर सारख्या प्रमाणात येत नाही, थोड्या थोड्या वेळाने लाटांसारखं येतं. गाढ झोपेत त्याची मोठी लाट येते.

लहानपणी हाडं आणि स्नायू वाढवणं, हे त्याचं सर्वांत ठळक काम. पण उंची वाढायची थांबली म्हणून हे हार्मोन बनायचं थांबत नाही. चरबीचा वापर, स्नायूंची झीज भरून काढणं, रक्तातली साखर, अशा अनेक गोष्टींमध्ये ते आयुष्यभर भाग घेतं. वय वाढतं तसं त्याचं प्रमाण मात्र कमी होत जातं.

ग्रोथ हार्मोन बरीचशी कामं स्वतः करत नाही. ते यकृताला निरोप देतं आणि यकृत 'आयजीएफ-१' नावाचं दुसरं एक रसायन तयार करतं. आयजीएफ म्हणजे इन्शुलिन-लाइक ग्रोथ फॅक्टर. त्याची रचना इन्शुलिनशी मिळतीजुळती असते, म्हणून हे नाव. हे साम्य लक्षात ठेवा. पुढे पीसीओएस समजून घेताना ते कामाला येईल.

अंडाशयात ते काय करतं?

मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या अंडाशयात साधारण १० ते २० लाख अपरिपक्व स्त्रीबीजं असतात. वयात येईपर्यंत त्यांतली तीन ते चार लाख उरतात. संपूर्ण आयुष्यात त्यांतली जेमतेम ४०० ते ५०० पूर्ण परिपक्व होऊन बाहेर पडतात. बाकीची वाटेतच नष्ट होतात.

प्रत्येक स्त्रीबीज एका छोट्या पिशवीत असतं. तिला फॉलिकल म्हणतात. सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टर ज्यांची संख्या आणि आकार मोजतात, ते हेच. फॉलिकलमध्ये दोन प्रकारच्या पेशी महत्त्वाच्या असतात. बाहेरच्या थरातल्या थिका पेशी आणि आतल्या ग्रॅन्युलोसा पेशी. थिका पेशी अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या गटातली हार्मोन्स बनवतात. ग्रॅन्युलोसा पेशी त्यांचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात.

या कामाचे मुख्य सूत्रधार आहेत पिट्युटरीतूनच येणारी एफएसएच आणि एलएच ही दोन हार्मोन्स. एफएसएच फॉलिकल वाढवतं. एलएच थिका पेशींना काम देतं आणि शेवटी स्त्रीबीज बाहेर पडायला कारणीभूत ठरतं.

ग्रोथ हार्मोनची भूमिका इथे मदतनीसाची आहे. ग्रॅन्युलोसा पेशींवर ग्रोथ हार्मोन आणि आयजीएफ या दोघांचेही रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागा असतात. आयजीएफ मिळालं की या पेशी एफएसएचला जास्त चांगला प्रतिसाद देतात. त्या जास्त वाढतात आणि जास्त इस्ट्रोजेन बनवतात. थोडक्यात, एफएसएचचा आवाज पेशींपर्यंत मोठा होऊन पोहोचतो.

शिवाय अंडाशय यासाठी फक्त यकृतावर अवलंबून नसतं. ते स्वतःही आयजीएफ बनवतं. माणसाच्या फॉलिकलमध्ये आयजीएफ-२ हा त्याचा भाऊबंद मोठ्या प्रमाणात तयार होतो. याशिवाय आयजीएफला बांधून ठेवणारी प्रथिनंही तिथे असतात. ती आयजीएफला पकडून ठेवतात आणि गरजेप्रमाणे मोकळं सोडलं जातं. म्हणजे रक्तात आयजीएफ किती आहे यावरून अंडाशयाच्या आत काय चाललं आहे, हे नेमकं सांगता येत नाही.

ग्रोथ हार्मोनचं काम बंद पडलं तर मूल होतच नाही का?

या प्रश्नाचं उत्तर उंदीर आणि माणूस यांच्याबाबतीत वेगवेगळं मिळालं.

ज्या उंदरांमध्ये आयजीएफ-१ तयार करणारं जनुकच काढून टाकलं होतं, त्यांच्यावरचा एक अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या माद्यांमधले फॉलिकल ठरावीक टप्प्यापर्यंत वाढून अडकायचे. स्त्रीबीज बाहेर पडायचं नाही. त्या वांझ होत्या.

माणसांमध्ये याच्या जवळ जाणारी एक नैसर्गिक स्थिती आहे. तिचं नाव लॅरॉन सिंड्रोम. इस्रायलचे डॉक्टर झ्वी लॅरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये तिचं वर्णन केलं. या लोकांच्या शरीरात ग्रोथ हार्मोन भरपूर असतं, पण त्याचा निरोप घेणारा रिसेप्टरच बिघडलेला असतो. त्यामुळे आयजीएफ-१ अगदीच कमी बनतं आणि उंची फार कमी राहते. इक्वेडोर देशाच्या दक्षिण भागातल्या खेड्यांमध्ये अशी अनेक कुटुंबं राहतात आणि डॉक्टर हायमे गेवारा-अगीरे अनेक वर्षं त्यांचा अभ्यास करत आहेत.

लॅरॉन सिंड्रोम असलेल्या मुली उशिरा वयात येतात. पण पुढे त्यांना पाळी येते आणि त्यांच्यापैकी अनेक महिलांना मुलंही झाली आहेत.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. माणसाच्या अंडाशयासाठी ग्रोथ हार्मोन उपयोगी आहे, पण ते नसेल तर सगळं ठप्प होतं, असं नाही. अंडाशयात तयार होणारं आयजीएफ-२ बऱ्यापैकी काम सांभाळून नेत असावं, असं संशोधकांना वाटतं. म्हणूनच उंदरांवरच्या प्रयोगाचा निष्कर्ष थेट महिलांना लावणं धोक्याचं ठरू शकतं.

मग जास्त असेल तर चांगलं?

नाही. पिट्युटरी ग्रंथीवर गाठ आली की काही वेळा ग्रोथ हार्मोन प्रमाणाबाहेर तयार होतं. मोठ्या माणसांमध्ये या आजाराला अॅक्रोमेगली म्हणतात. हातपाय आणि जबडा मोठा होतो, अंगठी आणि चपला घट्ट होऊ लागतात, रक्तातली साखर वाढते.

अशा महिलांमध्ये पाळी अनियमित होणं किंवा बंद होणं वारंवार दिसतं. काहींमध्ये गाठीच्या दाबामुळे एफएसएच आणि एलएच कमी पडतात. काहींमध्ये त्यासोबत प्रोलॅक्टिन हे हार्मोनही वाढतं आणि ते स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या प्रक्रियेत अडथळा आणतं.

दुसरीकडे, इक्वेडोरमधल्या लॅरॉन सिंड्रोम असलेल्या लोकांमध्ये कॅन्सर आणि डायबेटीसचं प्रमाण अत्यंत कमी असल्याचं २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं. म्हणजे पेशींना वाढायला लावणारं हे रसायन जितकं जास्त तितकं बरं, असा हिशेब इथे चालत नाही.

पीसीओएसशी याचा काय संबंध?

जगात प्रजननक्षम वयातल्या साधारण दहापैकी एका महिलेला पीसीओएस असतो. तो समजून घेताना आयजीएफ आणि इन्शुलिनमधलं साम्य महत्त्वाचं ठरतं.

पीसीओएस असलेल्या अनेक महिलांमध्ये शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही. मग स्वादुपिंड जास्त इन्शुलिन बनवतं. हे जादा इन्शुलिन दोन गोष्टी करतं. एक, ते थेट थिका पेशींना चेतवतं आणि अँड्रोजेन जास्त तयार होऊ लागतात. दोन, आयजीएफला बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृतात कमी बनू लागतं. त्यामुळे मोकळं आयजीएफ वाढतं आणि तेही थिका पेशींना आणखी चेतवतं.

त्याच वेळी टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिनही कमी होतं. परिणाम असा की चेहऱ्यावर केस, मुरुमं, पाळी लांबणं आणि सोनोग्राफीत अर्धवट वाढून थांबलेले बरेच फॉलिकल दिसतात. लोक त्यांना 'गाठी' किंवा 'सिस्ट' म्हणतात, पण प्रत्यक्षात ते वाढ थांबलेले फॉलिकल असतात.

म्हणूनच पीसीओएसमध्ये डॉक्टर व्यायाम, आहार, वजन आणि गरज असेल तर मेटफॉर्मिनवर भर देतात. इन्शुलिन ताब्यात आलं की ही सगळी साखळी सैल पडायला मदत होते. पीसीओएसच्या नेहमीच्या उपचारांत ग्रोथ हार्मोन बसत नाही.

आयव्हीएफमध्ये ग्रोथ हार्मोन कसं आलं?

आयव्हीएफमध्ये एफएसएचची इंजेक्शनं देऊन एकाच वेळी अनेक फॉलिकल वाढवतात. पण काही महिलांमध्ये भरपूर डोस देऊनही एक-दोन किंवा तीनच स्त्रीबीजं मिळतात. डॉक्टर त्यांना 'पुअर रिस्पॉन्डर' म्हणतात. वय जास्त असणं किंवा अंडाशयातला साठा कमी असणं, ही त्याची मुख्य कारणं.

ग्रोथ हार्मोन एफएसएचचा परिणाम वाढवत असेल, तर दोन्ही एकत्र का देऊ नये, असा विचार १९८० च्या दशकात पुढे आला. १९८८ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी असे पहिले अनुभव प्रसिद्ध केले. तेव्हापासून यावर बरेच अभ्यास झाले.

त्यांतला एक महत्त्वाचा अभ्यास ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये झाला. तो 'लाइट' या नावाने ओळखला जातो आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आधी कमी स्त्रीबीजं मिळालेल्या १३० महिला होत्या. चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून निम्म्या महिलांना ग्रोथ हार्मोन आणि निम्म्यांना औषध नसलेलं इंजेक्शन दिलं. कोणाला काय मिळालं, हे महिलांना आणि डॉक्टरांनाही माहीत नव्हतं.

निकाल काय आला? ग्रोथ हार्मोन घेतलेल्या ६५ पैकी ६२ महिला स्त्रीबीज काढण्याच्या टप्प्यापर्यंत पोहोचल्या. दुसऱ्या गटात ६५ पैकी ५१. इथवर फरक स्पष्ट दिसतो. पण या टप्प्यावर पोहोचलेल्यांपैकी प्रत्यक्ष बाळ किती जणींना झालं? पहिल्या गटात ९ आणि दुसऱ्या गटात ७. टक्केवारीत सांगायचं तर १४.५ आणि १३.७. हा फरक नगण्य आहे.

या अभ्यासाला मर्यादाही आहे. ठरवल्या होत्या तेवढ्या महिला सहभागी झाल्या नाहीत आणि तो लवकर थांबवावा लागला. त्यामुळे 'अजिबात उपयोग नाही' असंही त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही.

जगभरातल्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेने २०२१ मध्ये यावरचा आढावा प्रसिद्ध केला. कमी प्रतिसाद देणाऱ्या महिलांमध्ये स्त्रीबीजं थोडी जास्त मिळू शकतात, पण बाळ होण्याची शक्यता वाढते की नाही हे उपलब्ध पुराव्यांवरून सांगता येत नाही, असं त्याचं सार. युरोपमधली प्रजनन तज्ज्ञांची संघटना एश्रे हिनेही २०२३ मधल्या शिफारशींमध्ये ग्रोथ हार्मोनचा सरसकट वापर करू नये, असंच म्हटलं आहे.

स्त्रीबीजं जास्त मिळूनही फरक का पडत नाही?

शेताचं उदाहरण घ्या. खत घातलं तर उगवलेलं रोप जोमाने वाढू शकतं. पण पेरायला बीच कमी असेल, तर खताने बियांची संख्या वाढत नाही.

ग्रोथ हार्मोनचंही तसंच आहे. अंडाशयातला साठा ते वाढवू शकत नाही. वयाचा आणखी एक परिणाम असतो. पस्तिशीनंतर, आणि चाळिशीनंतर तर झपाट्याने, स्त्रीबीजांमध्ये गुणसूत्रांची संख्या चुकण्याचं प्रमाण वाढतं. अशा बीजापासून तयार झालेला गर्भ बहुतेक वेळा रुजत नाही किंवा गर्भपात होतो. ग्रोथ हार्मोन पेशीतल्या ऊर्जेच्या यंत्रणेला मदत करतं, असं काही संशोधकांचं म्हणणं आहे. पण ही चूक ते दुरुस्त करतं, असं सिद्ध झालेलं नाही.

म्हणून 'एग क्वालिटी सुधारते' हे वाक्य ऐकलं की एक प्रश्न विचारायला हवा. सुधारते म्हणजे काय मोजलं? फॉलिकलची संख्या, स्त्रीबीजांची संख्या, गर्भाचा दर्जा, की घरी आलेलं बाळ? या चार वेगळ्या गोष्टी आहेत.

ही इंजेक्शनं सुरक्षित आहेत का?

एकेकाळी ग्रोथ हार्मोन मृत व्यक्तींच्या पिट्युटरी ग्रंथींमधून काढलं जायचं. असं औषध घेतलेल्या काही जणांना पुढे क्रॉइट्सफेल्ड-याकोब हा मेंदूचा जीवघेणा आजार झाला. जगभरात अशा २०० हून अधिक केसेस नोंदल्या गेल्या. १९८५ मध्ये अमेरिकेसह अनेक देशांनी ते औषध थांबवलं आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत बनवलेल्या ग्रोथ हार्मोनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज मिळणारी इंजेक्शनं याच प्रकारची आहेत. त्यांत हा धोका नाही.

पण दुष्परिणाम आहेत. अंगावर सूज येणं, सांधे दुखणं, हाताला मुंग्या येणं, डोकं दुखणं आणि रक्तातली साखर वाढणं, हे त्यांतले नेहमीचे. डायबेटीस असेल किंवा होण्याची शक्यता असेल, तर जास्त काळजी घ्यावी लागते. कॅन्सर सक्रिय असताना हे औषध देत नाहीत.

आणखी एक गोष्ट. ग्रोथ हार्मोनची कमतरता किंवा टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलींना उंचीसाठी हे औषध देतात आणि तो मान्यताप्राप्त वापर आहे. पण टर्नर सिंड्रोममध्येही त्याने उंची वाढते, अंडाशयाचं काम परत सुरू होत नाही. अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिलेल्या वापरांमध्ये वंध्यत्वाचा समावेश नाही.

सोशल मीडियावरच्या गोळ्या आणि पावडरींचं काय?

'ग्रोथ हार्मोन बूस्टर' नावाच्या गोळ्या आणि पावडरी ऑनलाइन सहज मिळतात. ग्रोथ हार्मोन हे १९१ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे. ते तोंडाने घेतलं तर डाळीतल्या प्रथिनासारखं पोटात पचून जातं. म्हणूनच ते इंजेक्शनने द्यावं लागतं. अशा पावडरींनी अंडाशयाचं काम सुधारतं, याला भक्कम पुरावा नाही.

नैसर्गिक ग्रोथ हार्मोनसाठी पुरेशी गाढ झोप आणि व्यायाम खरंच उपयोगी आहेत. मात्र त्यामुळे कमी झालेला साठा भरून निघत नाही. वय वाढत असेल आणि सहा महिने ते वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहत नसेल, तर पावडरीत वेळ घालवण्यापेक्षा तपासणी लवकर करणं महत्त्वाचं.

डॉक्टरांना काय विचारावं?

भारतात २०२१ चा सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा लागू आहे. त्यानुसार क्लिनिकची नोंदणी बंधनकारक आहे. उपचारांचे फायदे, तोटे, खर्च, दुष्परिणाम आणि यशाची शक्यता जोडप्याला समजावून सांगणं, हेही क्लिनिकचं कर्तव्य आहे. म्हणजे प्रश्न विचारणं हा आगाऊपणा नाही, तो हक्क आहे.

यादीत ग्रोथ हार्मोन दिसलं, तर हे प्रश्न लिहूनच न्यावेत:

- माझ्याच बाबतीत हे इंजेक्शन का सुचवलं आहे? मागच्या सायकलमध्ये नेमकी अडचण काय होती?
- हे घेतलं नाही, तर यशाची शक्यता किती बदलेल? बाळ होण्याबद्दल बोलत आहात की स्त्रीबीजांच्या संख्येबद्दल?
- किती दिवस, किती डोस आणि एकूण खर्च किती?
- माझी साखर, थायरॉइड आणि जुने आजार लक्षात घेता धोका किती?
- याच पैशांत दुसरा पर्याय, उदाहरणार्थ आणखी एक सायकल, जास्त उपयोगी ठरेल का?

काही डॉक्टर पुरावे आणि मर्यादा समजावून सांगून निवडक महिलांना हे औषध देतात. त्यात गैर काही नाही. आयव्हीएफच्या औषधांमध्ये एकदम बदल करणं किंवा चालू असलेलं इंजेक्शन स्वतःहून बंद करणंही योग्य नाही. गरज वाटली तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यावं.

सुरुवातीच्या त्या ३८ वर्षांच्या महिलेसाठी आजच्या विज्ञानाचं उत्तर एवढंच आहे: ग्रोथ हार्मोन अंडाशयाला मदत करतं, हे खरं. कदाचित एखादं स्त्रीबीज जास्त मिळेल, हेही शक्य. पण त्यामुळे बाळ होण्याची शक्यता वाढते, हे अजून कोणी खात्रीने दाखवू शकलेलं नाही. त्या एका ओळीसाठी पैसे मोजायचे की नाहीत, हा निर्णय तिचा आणि तिच्या जोडीदाराचा. तो घेण्याआधी ही माहिती तिच्या हातात असायला हवी. आणि पैसे अभावी ते इंजेक्शन घेता आलं नाही, तर आपणच कुठे तरी कमी पडलो, असं तिने मनाला लावून घेण्याचं काहीच कारण नाही.